लिस्बनमधली बुधवारची आंघोळ

आमचा कुत्रा विमानाने लिस्बनला गेला आणि त्याच्याबरोबर मी गेलो. क्रम मुद्दाम असा लिहिला आहे. प्रवासाच्या सगळ्या कागदांवर तो तसाच होता. मुख्य प्रवासी खंड्या, वय अंदाजे सहा, रंग पिवळसर, डावा कान अर्धा. सोबतचा इसम मी, वय चौसष्ट, निवृत्त मुख्य उपसंपादक, दोन्ही कान शाबूत. (हे शाबूत कान किती निरुपयोगी होते, ते पुढे येईल.)

खंड्या घरात आला तो माझी पत्नी कुंदा मिक्सर दुरुस्तीला घेऊन गेली त्या दिवशी. दुरुस्तीचं दुकान आमच्या वसईजवळ गोखिवऱ्याला, कारखान्यांच्या गाळ्यांमध्ये. गेली ती मिक्सरची पिशवी घेऊन आणि परतली तीच पिशवी घेऊन, पण पिशवी हलत होती. मी विचारलं, मिक्सर कुठे आहे? ती म्हणाली, "तो उद्या मिळेल. हा उद्यापर्यंत टिकला नसता." मिक्सर प्रत्यक्षात तीन आठवड्यांनी आला, कारण मधल्या काळात त्याची कोणालाच आठवण झाली नाही.

खंड्या हे नाव तिनेच ठेवलं. मासे टिपणाऱ्या पक्ष्याचं नाव शाकाहारी घरातल्या कुत्र्याला का द्यावं, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता. पडला नाही.

कुंदा होळी गावची. वसईजवळच्या त्या गावात तिच्या माहेरची भाजीची आणि केळीची वाडी आहे, आणि मासळीशिवाय तिथे ताट पूर्ण होत नाही. मी वाईचा, आमच्या घरात मासळीचं नावही जेवताना घेत नसत. लग्नाआधी मी तिला एकदाच विचारलं होतं, "आमच्याकडे शिजत नाही. चालेल ना?" ती म्हणाली, "चालेल." प्रश्न एक, उत्तर एक, विषय संपला. पुढे एकतीस वर्षं मी लग्नकार्यात, कार्यालयात, सोसायटीच्या सभेत, संधी मिळेल तिथे सांगत आलो की कुंदाने माझ्यासाठी मासे सोडले. ती शेजारी उभी असायची आणि थोडंसं हसायची. त्या हसण्याचा अर्थ मी दुजोरा असा घेतला.

माझी साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी असे. बुधवारी कामावरून घरी यायचो तेव्हा घरात उदबत्तीचा दाट वास असायचा, आणि कुंदाच्या हातांना लिंबाचा. बुधवार विठोबाचा वार, तेव्हा उदबत्तीचा खुलासा होत होता. लिंबाबद्दल मी काही तर्क केला नाही. मला तो वास आवडायचा आणि मी बुधवारची वाट पाहायचो. हे तिला सांगायचं राहून गेलं. निवृत्त झाल्यावर एका महाविद्यालयात पत्रकारितेच्या मुलांना आठवड्यातून एकदा शिकवायचं ठरलं तेव्हा कोणता वार घ्यावा असा प्रश्न आला. कुंदा म्हणाली, "बुधवार घ्या. बुधवार शुभ असतो."

गेल्या वर्षी कुंदा गेली. आजारपण चार दिवसांचं होतं, हृदयाचं. चौथ्या दिवशी सकाळी तिला बरं वाटत होतं. तिने मला तीन सूचना दिल्या. गॅसचं पुस्तक फ्रिजवर आहे. पाण्याच्या टाकीची चावी समोरच्या घरी दिली आहे. तिसरी सूचना अशी: "खंड्याला उपाशी ठेवू नका. आणि बुधवारी त्याला..."

तेवढ्यात परिचारिका तिला तपासणीसाठी न्यायला आली. जाताना कुंदा म्हणाली, "आल्यावर सांगते."

ती आली नाही.

मी बत्तीस वर्षं वर्तमानपत्रात काढली. नव्या उपसंपादकांना मी पहिल्याच दिवशी एक नियम सांगायचो. बातमीतलं वाक्य अर्धवट आलं असेल तर ते आपल्या मनाने पुरं करू नका. ज्याने लिहिलं त्याला विचारा. या नियमापायी मी लोकांना भर गणपतीत सुट्टीवरून बोलावून घेतलं आहे. इथे विचारायला कोणी उरलं नव्हतं. मी पंधरा दिवस त्या वाक्यावर विचार केला. बुधवारी त्याला काय? कुंदा टापटिपीची, कुत्रा गाळ्यांमधला, आणि दर आठवड्याला एकदाच करायची गोष्ट. बुधवारी त्याला आंघोळ घाला. वाक्य व्याकरणात बसत होतं, अर्थातही बसत होतं. मी ते मंजूर केलं.

तेव्हापासून (शिकवायला जाणं मी आधीच थांबवलं होतं) दर बुधवारी सकाळी दहा वाजता मी खंड्याला न्हाणीघरात नेऊन साबण लावत आलो. (पहिल्या बुधवारी मी हातात बादली घेतली तेव्हा तो शेपूट हलवत होता. तो बुधवार शेवटचा. त्यानंतर बुधवारी त्याने शेपूट हलवलेलं नाही.)

एक गोष्ट याच काळातली. कुंदाचे दिवस चालू असताना दारात एक कोळीण आली. पांढरे केस, डोक्यावरची पाटी खाली उतरवलेली, हातात कागदाची पुडी. तिने नाव सेसिलबाई सांगितलं, पाचूबंदरची. पुडी पुढे करून म्हणाली, "ताईच्या कुत्र्याला आनलाय." पुडीतून सुक्या बोंबलाचा वास सगळ्या जिन्यात पसरला होता. तिचं घर चुकलं असावं असं मला वाटलं. पण ती कुंदाचं नाव घेत होती, म्हणून मी सौजन्याने सांगितलं, "आमच्याकडे कोणी खात नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे पाहिलं. खंड्या साखळी तोडायच्या बेतात होता. तो असा ओरडत होता की मजल्यावरची तिन्ही दारं उघडली.

"बरा," ती म्हणाली आणि पाटी उचलून गेली.

खंड्या त्या दिवशी दुपारपर्यंत दाराशी बसून होता. मुकं जनावरही किती शोक करतं, असं मी त्या दिवशीच्या डायरीत लिहिलं आहे.

त्यानंतर खंड्याचं खाणं सुटलं. म्हणजे तो जगण्यापुरता दहीभात खायचा, तोही माझ्याकडे पाठ करून. मी बिस्किटं आणली, पनीर आणलं, पोळीला तूप लावलं. तो हुंगायचा आणि शेजारी बसून राहायचा, एखाद्या पाहुण्याने नको असलेला पदार्थ वाढून घेतल्यासारखा. फासळ्या दिसायला लागल्या. "खंड्याला उपाशी ठेवू नका" ही कुंदाची सूचना पूर्ण वाक्यात होती, तिच्यात शंकेला जागाच नव्हती, आणि नेमकी तीच माझ्याकडून पाळली जात नव्हती. वसईतल्या जनावरांच्या डॉक्टरांनी त्याला उलटसुलट तपासलं आणि आजार काही नाही, दुःख आहे, असं निदान केलं. जागा बदलून बघा म्हणाले. माझ्याकडे बघून म्हणाले, दोघांनी बदला.

आमची मुलगी प्राची तीन वर्षांपासून लिस्बनमध्ये नोकरीला आहे. ती आधीपासून बोलवत होती. मी म्हणायचो, कुत्र्याला कोण बघेल? डॉक्टरांचं ऐकल्यावर ती म्हणाली, "मग त्यालाच आणा. तो कायमचा माझ्याकडे राहील. तुम्ही तीन महिने राहा." त्यानंतरचे सहा महिने कागदपत्रांत गेले. खंड्याच्या मानेत चिप बसली, रक्त परदेशी तपासणीला गेलं, त्याचा निकाल आला, निकालाला प्रमाणपत्र लागलं आणि प्रमाणपत्राला शिक्का. एका अर्जात 'जात' असा रकाना होता. आयुष्यभर हा रकाना कोरा सोडत आलो होतो. कुत्र्यासाठी तो भरावा लागला. 'मिश्र' लिहिणं मला अचूक वाटेना, कारण मिश्रणात काय काय आहे याची खात्री नव्हती. जे खात्रीने माहीत होतं ते लिहिलं: गोखिवरे. अर्ज मंजूर झाला.

सोमवारी आम्ही लिस्बनला उतरलो. प्राचीचं घर शहराच्या जुन्या भागात, टेकडीच्या उतारावर, चौथ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. तिने खंड्याला मिठी मारली आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवताना तिचा चेहरा पडला. "किती वाळलाय, बाबा." मी सांगितलं की खातो, पण मन लावून नाही. ती पुढे काही बोलणार होती, पण माझ्याकडे बघून थांबली. म्हणाली, "बघू. बुधवारी मी लवकर येते."

बुधवारचा उल्लेख आला तरी मला शंका आली नाही. आईची शिस्त मुलीलाही माहीत आहे, याचा आनंद झाला.

मंगळवारी ती कामावर गेली आणि मी खंड्याला घेऊन शहर बघायला निघालो. माझ्याकडे प्रेक्षणीय स्थळांची यादी होती, बघण्याच्या क्रमाने. खंड्याची यादी वेगळी होती. तिथले रस्ते छोट्या पांढऱ्या दगडांचे, पायांनी घासून गुळगुळीत झालेले. पहिल्या उतारावर खंड्याचे चारही पाय चार दिशांना गेले. त्याने ट्राम पाहिली आणि तो एका चर्चच्या पायऱ्यांवर चढून बसला. चर्च मोठं होतं, जुनं होतं, आणि त्याची दगडी कमान हुबेहूब आमच्या वसई किल्ल्यातल्या पडक्या कमानीसारखी होती. कुंदा रोज संध्याकाळी खंड्याला किल्ल्यात फिरायला न्यायची. ओळखीचा दगड दिसल्यावर खंड्याने ओळखीचं काम केलं. पाय वर केला. इथल्या चर्चला छप्पर आहे एवढा एकच फरक होता, आणि तो त्याच्या लक्षात आला नाही. रखवालदाराच्या मात्र सगळंच लक्षात आलं. तो पोर्तुगीजमध्ये बोलत होता, मी इंग्रजीत माफी मागत होतो, आणि खंड्या मराठीतसुद्धा ऐकत नव्हता.

एका चौकात पांढऱ्या केसाळ कुत्रीला घेऊन बसलेल्या बाईंनी मला इंग्रजीत विचारलं की हा कोणत्या जातीचा. मी सांगितलं, गोखिवरे. त्यांनी मान डोलवली. म्हणाल्या, ऐकलंय.

परतीच्या वाटेवर नदीजवळच्या एका गल्लीत खंड्या एकाएकी थांबला. तो वर्षभरात कशासाठीही इतका जोर लावून थांबला नव्हता. गल्लीत कमालीचा वास येत होता. मी नाकाला रुमाल लावला, दोन्ही हातांनी पट्टा ओढला आणि त्याला पन्नास पावलं अक्षरशः फरफटत नेलं. गुळगुळीत दगडांमुळे ते सोपं गेलं. डायरीत नोंद केली: 'दुपारी एक वाजून चाळीस मिनिटं. नदीकाठच्या मोठ्या रस्त्याला समांतर गल्ली, कोपऱ्यावर घड्याळ दुरुस्तीचं दुकान. असह्य वास. पुन्हा जाऊ नये.'

दुसऱ्या दिवशी बुधवार होता. प्राची दुपारी येणार होती. तोवर हा स्वच्छ असावा म्हणून मी बरोबर दहा वाजता टबात पाणी सोडलं. खंड्या पलंगाखाली गेला. त्याला तिथून काढायला वीस मिनिटं लागली. साबण लावून झाला, पाणी ओतायला मी तांब्या शोधायला वळलो. (परदेशी न्हाणीघरात तांब्या नसतो हे मला माहीत असायला हवं होतं. निदान वळायच्या आधी.) तेवढ्यात मागे एक धप्पकन आवाज झाला. घराचं दार मी नुसतं लोटलेलं होतं. जिन्यात फेसाचा पट्टा उमटत गेला. मी चौथ्या मजल्यावरून ओरडलो, "खंड्या!" खालच्या मजल्यावरच्या आजी त्याच क्षणी बाजाराची पिशवी घेऊन रस्त्याचं दार उघडत होत्या. त्यांनी आत येणाऱ्याला आदबीने वाट द्यावी तशी बाहेर जाणाऱ्याला वाट दिली.

मी रस्त्यावर पोचलो तेव्हा उतारावर फक्त फेसाचे ठिपके होते. ते पहिल्या वळणापर्यंत होते. पुढे नव्हते.

मी एक तास शोधलं. जे भेटेल त्याला हाताने कुत्र्याची उंची आणि अर्धा कान दाखवला. लोक सहानुभूतीने पाहत होते. माझ्या सदऱ्यावर साबण होता, पायांत घरच्या सपाता होत्या, आणि मी स्वतःचा कान धरून उभा होतो. नंतर मी दाराच्या पायरीवर बसलो आणि पेशाला शोभेल ते केलं. शोधाचा आराखडा लिहून काढला. क्रमांक एक, बागा. क्रमांक दोन, नदीकाठ. क्रमांक तीन लिहून पुढची जागा कोरी सोडली. कुंदाने आयुष्यात माझ्याकडे शेवटचं सोपवलेलं काम एवढंच होतं, एक कुत्रा, आणि तो मी साबण लावलेल्या अवस्थेत युरोपात हरवला होता.

माझा फोन गेल्यावर प्राची धापा टाकत आली. मी तिला आराखडा दिला. तिने तो वाचला नाही.

"पण तो पळाला कशामुळे?"

"आंघोळ घालत होतो."

"आज? तुम्ही परवाच आलात. आज आंघोळ कशाला?"

"बुधवार आहे."

"मग?"

मी तिला सगळं सांगितलं. परिचारिका, अर्धं वाक्य, माझा तर्क, दर बुधवारी दहा वाजता. ती ऐकत होती. मग माझ्या शेजारी पायरीवर बसली आणि हसायला लागली. हसताना मधेच तोंडावर हात धरला, आणि मला कळलं की ती हसत नाही.

"बाबा, आंघोळ नाही हो. बोंबील."

"काय?"

"आई बुधवारी त्याला बोंबील भाजून द्यायची."

मी म्हणालो की आपल्या घरी मासे येत नाहीत.

"दर बुधवारी येत होते," ती म्हणाली. "मी शाळेतून आले की आम्ही दोघी जेवायचो. तुम्ही यायच्या आधी भांडी घासायची, खिडक्या उघडायच्या, उदबत्ती लावायची. हाताला लिंबू. मी इकडे आल्यावर ती सेसिलमावशीकडे जाऊन जेवायला लागली. खंड्याला बरोबर न्यायची. तो मावशीच्या पाटीशेजारी बसायचा."

"मला कोणी सांगितलं नाही."

"तुम्ही सोडून सगळ्यांना माहीत होतं. समोरच्या काकूंनासुद्धा. आईने मला शपथ घातली होती."

लिस्बनच्या त्या पायरीवर मला एकदम बरंच काही आठवलं. उदबत्ती. बुधवार शुभ असतो. जिन्यातला तो वास आणि "आमच्याकडे कोणी खात नाही" हे माझं निवेदन. पहिल्या बुधवारी मी बादली उचलली तेव्हा हललेलं ते शेपूट.

प्राचीने डोळे पुसले. "काल कुठे थांबला होता का तो? कुठे हुंगत होता?"

मी डायरी उघडली. बत्तीस वर्षांच्या नोकरीचा उपयोग त्या संकटात झाला तो एवढाच. घड्याळ दुरुस्तीचं दुकान, समांतर गल्ली, असह्य वास. 'पुन्हा जाऊ नये' या ओळीवर तिने बोट ठेवलं आणि उठली.

ते सुक्या माशांचं दुकान होतं. खारवून वाळवलेला कॉड मासा, माणसाच्या हाताएवढाले सपाट तुकडे, दारात पापडासारखे रचून ठेवलेले. दारापुढे तीन म्हाताऱ्या बायका रांगेत उभ्या होत्या. रांगेत चौथा खंड्या होता. अंगावरचा फेस वाळून पापुद्रे झाले होते. तो ताठ बसला होता, कुठल्याही मालाला तोंड न लावता, आणि दुकानाकडे नव्हे तर रस्त्याकडे बघत होता. गल्लीत कोणी बाई वळली की त्याचा दीड कान उभा राहायचा. ती जवळ आली की खाली पडायचा.

दुकानदारीण प्राचीशी बोलली. प्राचीने मला सांगितलं, "तो बराच वेळ इथे बसलाय. तिने पाण्यात भिजवलेला तुकडा दिला तो खाल्ला, पण हलायला तयार नाही. विचारतेय, कोणाची वाट बघतोय?"

प्राचीने पोर्तुगीजमध्ये एक छोटं वाक्य सांगितलं. दुकानदारीण माझ्याकडे वळली, आणि मग तिने परातीतून आणखी एक तुकडा काढून माझ्यासमोर धरला. कुत्र्यासाठी, असं खुणेने सांगितलं.

मी जन्मात मासा हातात धरला नव्हता. तो थंड होता आणि अपेक्षेपेक्षा जड. मी खाली बसलो. खंड्याने माझा हात हुंगला, मग माझ्याकडे पाहिलं. हे सारं या माणसाला कोणी सांगितलं असेल, असा काहीसा तो चेहरा होता. मग त्याने खाल्लं. सावकाश, मन लावून. वर्षभरात पहिल्यांदा तो माझ्याकडे तोंड करून खात होता.

घरी आल्यावर मी तीन वेळा साबणाने हात धुतले. वास जाईना. प्राचीने काही न बोलता अर्धं लिंबू माझ्यापुढे ठेवलं. मी ते तळव्यांवर घासलं, आणि मग बराच वेळ हात नाकाशी धरून बसलो होतो. प्राचीने दिवा लावला नाही. तिलाही तो वास ओळखीचा होता.

तीन महिन्यांत खंड्याच्या फासळ्या झाकल्या गेल्या. बुधवारी तो प्राचीला घेऊन त्या गल्लीत जातो. मी परत आलो. परतीच्या कागदांवर मुख्य प्रवासी मीच होतो, सोबत कोणी नाही.

पहिल्या बुधवारी मी वसईच्या बाजारात गेलो. सेसिलबाई सुक्या मासळीच्या पाटीमागे बसल्या होत्या. त्यांनी मला ओळखलं आणि बोंबील निवडत राहिल्या. मी उभ्याने माफी मागितली. दारातून परत पाठवलं, मला काही ठाऊक नव्हतं, वगैरे.

"तुमाला ठाव नव्हता, त्यासाठीच तर ताईची सगली धावपल," त्या म्हणाल्या. "बसा."

शेजारी एक पालथी लाकडी पेटी होती. मी बसलो.

मी त्यांना विचारलं ते विमानात ठरवलं होतं. कुंदाला माझी भीती वाटत होती का?

सेसिलबाईंनी हातातलं काम थांबवलं. "भीती कसली? मी बोलली तिला, सांगून टाक नवऱ्याला, ते काय खाऊन टाकतील तुला? तर म्हनाली, ते काय नाय म्हननार नाय गो. पन मी त्यांच्यासाठी मासे सोडले हे सांगताना त्यांचं तोंड बघ एकदा. ते मना मोडवत नाय."

माझं ते एक वाक्य एकतीस वर्षं चुकीचं छापून येत होतं. आणि त्याची पहिली वाचक, खरं माहीत असूनही, दर वेळी शेजारी उभी राहून हसायची.

आता मी दर बुधवारी त्या पेटीवर बसतो. कुंदा काय बोलायची, काय खायची, कशावरून हसायची, हे सेसिलबाईंना विचारतो आणि लिहून घेतो. गिऱ्हाईक आलं की त्या मला सरकायला सांगतात. गेल्या आठवड्यात वैतागून म्हणाल्या, "तुमच्यापेक्षा खंड्या बरा होता. या पेटीवर बसायचा, पन एक बोंबील टाकला का गप." मी त्यांना सांगितलं की मी शाकाहारी आहे, त्यामुळे मला गप्प करायला त्यांच्याकडे काही नाही.